बाप भीक मागू देईना : मावळातील महाविद्यालयीन विद्यार्थी, छळ करणारे पालक आणि आर्थिक स्वातंत्र्य

महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींच्या स्वावलंबनाचा विचार मराठीत आजवर बहुतेक गरिबीच्या अंगाने झाला आहे. घरात पैसा नाही, मूल हुशार आहे आणि त्याने शिकावे याला घरच्यांची आडकाठी नाही, एवढे गृहीत धरून वसतिगृहे निघाली, शिष्यवृत्त्या आखल्या गेल्या, ‘कमवा आणि शिका’ योजना उभी राहिली. या गृहीतकात न बसणारी एक अवस्था मात्र आहे. तिच्यात घरात पैसा पुरेसा किंवा निदान बेताचा तरी असतो, परंतु तो देणारा हातच मारणारा, कोंडून ठेवणारा किंवा पदोपदी पाणउतारा करणारा असतो, आणि फी थांबवण्याची धमकी हे त्याचे सर्वांत परिणामकारक हत्यार असते. अशा घरातून बाहेर पडू पाहणाऱ्या विद्यार्थ्याची स्थिती ‘आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना’ या म्हणीत जवळपास शब्दशः सापडते, कारण पालकांचा पैसा त्याला मिळत नाही आणि पालकांचा पैसा आहे म्हणून इतरांची मदतही मिळत नाही. पुणे जिल्ह्यातील मावळ तालुका आणि त्यातील लोणावळा, तळेगाव दाभाडे, वडगाव, कामशेत ही गावे समोर ठेवून या प्रश्नाचा आढावा घेतला, तर कमाईची अडचण वाटते त्याहून लहान आणि कागदपत्रांची अडचण वाटते त्याहून कितीतरी मोठी असल्याचे दिसते.

छळ म्हणजे काय, याची कायदेशीर व्याख्या शोधायची तर कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ याच्या कलम ३ पासून सुरुवात करावी लागते. या कलमात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक छळाच्या जोडीला आर्थिक छळ ही स्वतंत्र कोटी मानलेली आहे. हक्काचा किंवा गरजेचा पैसा अडवणे, स्त्रीधन वा सामायिक मालमत्ता परस्पर विकणे आणि ज्या साधनांचा वापर करण्याचा पीडित स्त्रीला हक्क आहे ती तिच्यापासून तोडणे, हे सारे या कोटीत येते. मुलांच्या बाबतीत केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास अजूनही संदर्भासाठी घेतला जातो. महाराष्ट्रासह १३ राज्यांतील १२,४४७ मुलांची पाहणी करून या अभ्यासाने असे नोंदवले, की दर तीन मुलांपैकी दोघांना शारीरिक छळ सोसावा लागला आणि कुटुंबात मार खाल्लेल्या मुलांपैकी ८८.६ टक्क्यांना मारणारे त्यांचे आईवडीलच होते. ही मुले आता महाविद्यालयाचे वय ओलांडून गेली आहेत. त्यांच्यापैकी कितींनी पदवीच्या वर्षांत घर सोडले, हे मोजण्याचा प्रयत्न शासनाच्या कोणत्याही योजनेत नाही, आणि ज्याची मोजणी नाही त्यासाठी तरतूदही नसते.

मराठी समाजाला हा अनुभव नवा नाही. कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी आईच्या मृत्यूनंतर वडिलांच्या कठोरपणामुळे लहान वयातच घर सोडले, ते नाशिकला आले आणि गणेशशास्त्री लेले यांच्याकडे शिकले. हा वृत्तान्त लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे वाचकांच्या परिचयाचा आहे. त्या काळी अशा मुलाला माधुकरी किंवा वार लावून जेवण्याची सोय होती, म्हणजे आठवड्याचा एकेक वार एकेका घरी ठरवून घेऊन पोट भरायचे आणि उरलेल्या वेळात शिकायचे. ही व्यवस्था जातीच्या चौकटीत बंदिस्त होती आणि तिच्यात मिंधेपणाही पुष्कळ होता. तरी तिचा एक गुण नोंदवण्याजोगा आहे : दारात आलेल्या मुलाकडे वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला कुणी मागत नसे. ही चौकट मोडण्याचे काम राजर्षी शाहूंनी १९०१ पासून कोल्हापुरात काढलेल्या वसतिगृहांनी आणि पुढे कर्मवीर भाऊराव पाटलांनी केले. भाऊरावांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी शाहू बोर्डिंग उभे केले, आणि श्रम करून शिकणे हे तेथे दयेचे नव्हे तर स्वाभिमानाचे लक्षण ठरले. पुण्यात १९०९ साली ‘अनाथ विद्यार्थी गृह’ या नावाने सुरू झालेली आणि पुढे पुणे विद्यार्थी गृह म्हणून ओळखली जाऊ लागलेली संस्था, तसेच डॉ. अच्युत शंकर आपटे यांनी १९५५ मध्ये स्थापन केलेली विद्यार्थी साहाय्यक समिती, या त्याच परंपरेतल्या होत. मावळापुरते पाहिले तर विष्णु गोविंद विजापूरकरांचे समर्थ विद्यालय आणि जनतेच्या पैशापैशातून १९०८ मध्ये उभा राहिलेला पैसा फंडाचा काच कारखाना, ही दोन्ही तळेगावचीच. शिक्षण आणि कसब यांची सांगड घालण्याचा प्रयोग या भूमीवर शंभर वर्षांपूर्वीच झालेला आहे.

आजच्या मावळात शिकणाऱ्यांचे दोन वर्ग आहेत आणि त्यांच्या अडचणी एकमेकींपासून बऱ्याच वेगळ्या आहेत. एक वर्ग आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ या खोऱ्यांतून किंवा लोणावळा–तळेगाव पट्ट्यातून रोज घरून ये-जा करणाऱ्यांचा. तो तळेगावचे इंद्रायणी महाविद्यालय किंवा लोणावळ्याचे डॉ. बी. एन. पुरंदरे महाविद्यालय अशा ठिकाणी कला, वाणिज्य किंवा विज्ञान शाखेला असतो. दुसरा वर्ग बाहेरच्या जिल्ह्यांतून येऊन कुसगावच्या सिंहगड संकुलात किंवा तळेगाव परिसरातील अभियांत्रिकी, वैद्यकीय व व्यवस्थापन महाविद्यालयांत शिकणाऱ्यांचा. पहिल्या वर्गातील मुलाला रोज संध्याकाळी त्याच घरात परतावे लागते, पण त्याची फी तुलनेने कमी असते. दुसऱ्या वर्गातील मूल मारापासून दूर असते, पण त्याची फी, वसतिगृह आणि मेस यांची रक्कम एवढी मोठी असते, की घरून पैसे थांबले तर एकाच सत्रात शिक्षण बंद पडते. त्यातही ज्याचा प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून न होता व्यवस्थापन कोट्यातून झाला आहे, त्याला शुल्कसवलतीच्या मुख्य सरकारी योजनांचे दार पहिल्याच दिवशी बंद झालेले असते. ‘आम्ही पैसे भरून घेऊ’ म्हणून पालकांनी बारावीनंतर घेतलेला निर्णय पुढची चार वर्षे मुलाच्या गळ्यातला फास ठरू शकतो. म्हणूनच अशा घरातल्या मुलामुलींनी स्वातंत्र्याचा विचार प्रवेशफेरीतील पसंतिक्रम भरतानाच करणे शहाणपणाचे, मग त्यासाठी नावाजलेले खासगी महाविद्यालय सोडून साधे अनुदानित महाविद्यालय घ्यावे लागले तरी चालेल.

काम मिळण्याच्या दृष्टीने मावळ महाराष्ट्रातील पुष्कळ तालुक्यांपेक्षा भाग्यवान आहे. लोणावळ्यातील चिक्कीची दुकाने, हॉटेले आणि भाड्याने दिले जाणारे बंगले, पावसाळ्यात भुशी धरणाच्या वाटेवरचे ठेले, कार्ल्याचा एकवीरेचा डोंगर, पवना धरणाच्या काठावरील तंबूंचा व्यवसाय, तळेगाव एमआयडीसीतील कारखाने आणि गोदामे, तेथील फुलशेतीची पॉलिहाऊसे, या सर्वांना हंगामी किंवा अर्धवेळ माणसे लागतात. पर्यटनाचा सारा भार शनिवार-रविवारी पडत असल्याने हे काम महाविद्यालयाच्या वेळापत्रकात बसतेही. परंतु या कामाचे तीन दोष लक्षात ठेवले पाहिजेत. मजुरी बहुधा रोख आणि नोंदीवाचून मिळते, त्यामुळे तिचा उत्पन्नाचा किंवा नोकरीचा पुरावा उरत नाही. पावसाळा सरला, की मागणी घटते. आणि गाव लहान असल्याने मूल कुठे काम करते व किती कमावते ही बातमी घरी पोहोचायला वेळ लागत नाही. या तिसऱ्या दोषामुळे पुष्कळांची कमाई महिन्याच्या शेवटी पालकांच्याच हातात जाते, म्हणजे कमावते असूनही ते स्वतंत्र होत नाहीत.

याला पर्याय म्हणून महाविद्यालयाच्या आवारातील काम अधिक सुरक्षित असते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची कर्मवीर भाऊराव पाटील ‘कमवा आणि शिका’ योजना संलग्न महाविद्यालयांतून विद्यार्थी विकास मंडळामार्फत चालते. तीत ग्रंथालय, कार्यालय, प्रयोगशाळा, बाग अशा ठिकाणी ठरावीक तास काम करून तासागणिक मानधन मिळते. या मानधनावर खोलीभाडे निघत नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. ही योजना घरी राहणाऱ्या गरीब मुलाचा हातखर्च भागवण्याइतकीच आहे. मात्र तिच्यामुळे विद्यार्थ्याचे नाव एका प्राध्यापकाच्या परिचयाचे होते आणि पुढे दाखल्यांसाठी, शिफारशीसाठी हीच ओळख मानधनापेक्षा अधिक उपयोगी पडते. राज्य शासनाने २०२४ मध्ये आणलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णास दरमहा ६,००० रुपये, आयटीआय किंवा पदविकाधारकास ८,००० आणि पदवीधरास १०,००० रुपये विद्यावेतन ठेवले आहे, पण ज्याचे शिक्षण चालू आहे तो तीत बसत नाही. शिकायचे की कमवायचे, यांपैकी एकच निवडा, असे शासनच येथे सांगते, आणि भाऊरावांच्या नावाने योजना चालवणाऱ्या राज्यात हे विसंगत वाटते.

आता खऱ्या गुंत्याकडे, म्हणजे कागदपत्रांकडे वळता येईल. महाराष्ट्रातील बहुतेक शिष्यवृत्त्या महाडीबीटी या संगणकीय व्यवस्थेतून दिल्या जातात आणि त्यांचे मोजमाप ‘कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न’ या एककात होते. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेची मर्यादा ८ लाख रुपये आहे. जुलै २०२४ च्या निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले, तेही याच मर्यादेत. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची मर्यादा २.५ लाख आहे. उत्पन्नाचा दाखला तहसीलदार देतो, त्यासाठी तलाठ्याचा अहवाल लागतो, आणि त्या अहवालाला आधार लागतो तो शिधापत्रिकेचा, सातबाऱ्याचा किंवा वडिलांच्या वेतनाच्या कागदाचा. घर सोडलेल्या मुलीचे स्वतःचे उत्पन्न शून्य असले, तरी दाखल्यावर वडिलांचेच उत्पन्न येते. आणि ते मर्यादेत असले, तरी सिद्ध करणारा कागद वडिलांच्या कपाटात असतो. नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्राचेही तसेच आहे, कारण ती कसोटी आईवडिलांच्या स्थितीवर लावली जाते. जातवैधता प्रमाणपत्र तर पितृवंशाच्या वंशावळीवाचून सहसा निघत नाही. वडिलांशी बोलणे तुटलेल्या विद्यार्थ्याला अशा वेळी एखाद्या काकाचे किंवा चुलत भावंडाचे वैधता प्रमाणपत्र मोठा आधार देते, म्हणून सगळ्या नातेवाइकांशी एकदम संबंध तोडणे व्यवहारात महागात पडते.

वसतिगृहाच्या खर्चासाठीच्या योजनांत आणखी एक अडथळा आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीची भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांना भोजन, निवास व निर्वाहासाठी रक्कम देते. पुणे, पिंपरी-चिंचवडसारख्या शहरांत ती वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत, म्हणजे महिन्याला सुमारे ५,००० रुपये जाते. परंतु विद्यार्थी शिक्षणाच्या ठिकाणचा स्थानिक रहिवासी नसावा, अशी तिची अट आहे. तळेगावात आईवडिलांच्या घरी मार खाणारा आणि तळेगावातच शिकणारा मुलगा या अटीनुसार ‘स्थानिक’ ठरतो आणि त्याला वसतिगृहाची गरज नाही असे मानले जाते. त्याने पुण्यातील महाविद्यालयात प्रवेश घेतला, तर तोच मुलगा पात्र ठरू शकतो. योजनेच्या आखणीत घर हे सुरक्षितच असते असे गृहीत धरल्याचा हा परिणाम आहे.

शैक्षणिक कर्जाची रीत याहून वेगळी नाही. भारतीय बँक संघाच्या आदर्श योजनेनुसार ४ लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही, पण पालक सहकर्जदार म्हणून लागतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेली पीएम-विद्यालक्ष्मी योजना तारण आणि जामीनदार यांच्यावाचून कर्ज देऊ करते, हा मोठाच बदल आहे. परंतु ती निवडक गुणांकित संस्थांपुरती आहे आणि तिच्यातील व्याजसवलत पुन्हा कुटुंबाच्या उत्पन्नावरच ठरते.

यामुळे घर सोडण्याआधी कोणते कागद सोडवून घ्यायचे, हा प्रश्न किती पैसे साठवायचे या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा ठरतो. पालकाच्या देखरेखीखालील बँक खात्यावरचा त्याचा अधिकार अठरा वर्षे पूर्ण होताच संपतो, पण खात्याला वडिलांचा मोबाइल क्रमांक जोडलेला राहिला, तर ओटीपी त्यांच्याकडेच जातो आणि अधिकार कागदावरच राहतो. म्हणून स्वतःच्या नावाचे सिमकार्ड, मग आधार केंद्रात बोटांचे ठसे देऊन त्या क्रमांकाची आधारशी जोडणी, आणि त्यानंतर दुसऱ्या बँकेत किंवा टपाल खात्याच्या पेमेंट्स बँकेत नवे खाते, हा क्रम पाळावा लागतो. यातली एक बारीक बाब पुष्कळांना उशिरा कळते : थेट लाभ हस्तांतरणाची रक्कम अर्जात लिहिलेल्या खात्यावर नव्हे, तर आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यावर जमा होते. नवे खाते उघडून ही जोडणी हलवली नाही, तर मंजूर झालेली शिष्यवृत्ती जुन्या, वडिलांच्या ताब्यातील खात्यावर जाऊन पडते. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका घरात अडकल्या, तर मंडळाकडून दुय्यम प्रत मिळते आणि डिजिलॉकरमधील प्रत चालते. महाविद्यालयाने फीच्या थकबाकीपोटी मूळ कागद ठेवून घेणे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या सूचनेला धरून नाही, हेही विद्यार्थ्याला माहीत असावे. पालकांनी मुलाच्या सहीने कर्ज किंवा जामीन घेतल्याचा संशय असेल, तर स्वतःचा पतअहवाल मागवून पाहणे हा साधा उपाय आहे.

कायद्याने मिळणारे संरक्षण वय आणि लिंग या दोन रेषांनी विभागलेले आहे. मराठीत ‘कॉलेज’ म्हणताना अकरावी-बारावीही येते, आणि त्या वयाची मुले १८७५ च्या सज्ञानता कायद्यानुसार अज्ञान असतात. त्यांच्यासाठी बाल न्याय अधिनियम, २०१५ आहे, १०९८ ही मदतवाहिनी आहे आणि जिल्ह्याची बाल कल्याण समिती आहे. पालकाने केलेली क्रूरता त्या कायद्याच्या कलम ७५ खाली शिक्षापात्र आहे. महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेत संकटग्रस्त मुलाला नातेवाइकाकडे किंवा अन्य कुटुंबात ठेवण्यासाठी दरमहा २,२५० रुपये मिळतात. समितीमार्फत संस्थेत गेलेल्या मुलाला अठरानंतर २१ वर्षांपर्यंत अनुरक्षण, म्हणजे राहण्याची, शिक्षणाची व पायावर उभे राहण्याची मदत मिळू शकते. त्याचा अर्थ असा, की सतराव्या वर्षी तक्रार करणाऱ्याला अठरानंतरही हात मिळू शकतो, आणि ‘एवढे एक वर्ष सोसू, मग मोकळे होऊ’ असे ठरवणारा अठरावा वाढदिवस होताच सर्व योजनांच्या बाहेर फेकला जातो. सोसण्याला कायद्यात किंमत नाही.

सज्ञान मुलीच्या हातात मात्र बऱ्यापैकी साधने आहेत. २००५ चा अधिनियम पत्नीपुरता नाही. रक्ताच्या नात्याने एका घरात राहणाऱ्या किंवा राहिलेल्या कोणत्याही स्त्रीला, म्हणजे मुलीलाही, तो लागू होतो. हिरल हरसोरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१६ मध्ये प्रतिवादी ‘सज्ञान पुरुष’च असावा ही अट काढून टाकल्यापासून आईविरुद्धही दाद मागता येते. संरक्षण आदेश, घरातून न काढण्याचा आदेश आणि आर्थिक साहाय्य या तिन्ही गोष्टी एकाच अर्जात मागता येतात, आणि तातडीच्या प्रसंगी दुसरी बाजू न ऐकताही अंतरिम आदेश होऊ शकतो. अर्जदार तात्पुरती जेथे राहते तेथील न्यायालयालाही अधिकार असल्याने सोलापूर किंवा लातूरच्या घराविरुद्ध तळेगावच्या वसतिगृहात राहणारी मुलगी वडगाव मावळच्या न्यायालयात अर्ज करू शकते. अर्ज संरक्षण अधिकाऱ्यामार्फत करता येतो, आणि विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे कोणत्याही स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य वकील मिळतो. येथे वडिलांचे उत्पन्न आडवे येत नाही, ही दुर्मीळ बाब होय. याखेरीज हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ च्या कलम २० नुसार स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या अविवाहित मुलीचा खर्च आईवडिलांवर असतो, आणि या कायद्यातील निर्वाहाच्या व्याख्येत अन्न, वस्त्र, निवारा यांच्या जोडीला शिक्षण हा शब्द स्पष्टपणे आहे. अभिलाषा विरुद्ध प्रकाश या सप्टेंबर २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की सज्ञान मुलीला फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली नव्हे, तर या १९५६ च्या कायद्याखाली दावा करावा लागेल. दावा दिवाणी असल्याने त्याला वेळ लागतो, आणि तीन वर्षांच्या पदवीच्या हिशेबात हा वेळ फार मोठा आहे.

सज्ञान मुलाला यांतले जवळजवळ काहीच उपलब्ध नाही. १९५६ च्या कायद्यात मुलाचा निर्वाह तो अज्ञान असेपर्यंतच आहे, २००५ चा कायदा त्याला लागू नाही, आणि त्याला उरतो तो मारहाणीबद्दलचा फौजदारी गुन्हा. घटस्फोटाच्या वादांत काही न्यायालयांनी सज्ञान मुलाच्या पदवीपर्यंतच्या खर्चाचा विचार केला आहे, परंतु आईवडील एकत्र राहून दोघेही छळ करत असतील, तर तो मार्ग खुला होत नाही. बापाने मुलाला मारणे याला आपल्याकडे वळण लावणे म्हणतात. कायदाही पुरुषाच्या बाबतीत अठराव्या वर्षीच ‘आता तुझा तू’ म्हणतो, आणि शिष्यवृत्तीचा अर्ज मात्र त्याच मुलाला बापाच्या उत्पन्नाशी बांधून ठेवतो. या दोन भूमिका परस्परविरोधी आहेत आणि त्यांच्यातील विसंगती आजवर कुणाला फारशी टोचलेली दिसत नाही.

मावळात या सगळ्याला जमिनीचा एक पदर आहे. द्रुतगती महामार्ग, एमआयडीसी आणि बंगल्यांचे प्रकल्प यांमुळे गुंठ्याला किंमत आली, आणि ज्या घरात फीचा प्रश्न कधी नव्हता तेथे सहीचा प्रश्न उभा राहिला. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी जन्मतः सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेची भागीदार ठरली आहे. विनीता शर्मा प्रकरणातील ऑगस्ट २०२० च्या निकालाने याविषयीचा उरलासुरला संदेहही मिटवला. त्यामुळे मुलगी अठरा वर्षांची होताच तिच्याकडून हक्कसोडपत्र करून घेण्याची घाई होऊ शकते, आणि ‘सही कर, मग फी भरतो’ हा सौदा आर्थिक छळाच्या व्याख्येत बसतो. धाकदपटशाने घेतलेली सही रद्द करून मागता येते, परंतु त्यासाठी तीन वर्षांच्या मुदतीत दावा करावा लागतो. उलट बाजूने, वाटणी मागून स्वतंत्र होण्याचा विचार करणाऱ्यांना मुंबई शाखेच्या हिंदू कायद्यातील एक जुना नियम आडवा येतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या १८९१ सालच्या निर्णयापासून चालत आलेल्या या नियमानुसार वडील जर आपल्या वडिलांशी किंवा भावांशी एकत्र असतील, तर स्वतःच्या वडिलांच्या संमतीवाचून मुलाला वाटणीचा दावा करता येत नाही. मावळातील अनेक सातबारे अजून आजोबांच्या किंवा सगळ्या भावांच्या नावे असल्याने हा नियम तेथे नुसता पुस्तकी नाही. वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत तर त्यांच्या हयातीत कुणाचाच हक्क नसतो. एकंदरीत जमीन हे सुटकेचे साधन फार थोड्यांना होते, आणि अडकवण्याचे साधन मात्र सहज होते.

प्रत्यक्ष घर सोडल्यावर पालक बहुधा बेपत्ता झाल्याची तक्रार देतात. सज्ञान व्यक्तीने जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन आपण स्वेच्छेने वेगळे राहत असल्याचा जबाब दिला, की पोलिसांना तिला बळजबरीने घरी पाठवता येत नाही. सोनी गेरी प्रकरणात जानेवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलीची निवड मानली आणि न्यायालयाने पालकाहून मोठा पालक होऊ नये असे म्हटले. मावळात ठाणे कोणते हे पाहावे लागते, कारण तळेगाव दाभाडे व तळेगाव एमआयडीसी ही ठाणी १५ ऑगस्ट २०१८ पासून पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयात, तर लोणावळा, कामशेत आणि वडगाव मावळ ही पुणे ग्रामीण पोलिसांत येतात. अठराच्या आतील मुलाला आसरा देणाऱ्या मित्रावर मात्र अपहरणाचा आळ येऊ शकतो, म्हणून तेथे बाल कल्याण समितीचाच मार्ग सुरक्षित. खोली मिळवणे मुलींना अधिक कठीण जाते. घरमालक अनामत रक्कम आणि आधार घेतो, तसा ‘घरच्यांचा नंबर’ही मागतो, आणि तो नंबर दिला की पत्ता घरी पोहोचतो. लोणावळा–पुणे लोकलच्या मार्गावर कॉट बेसिसवर राहून शिकणे हा अनेकांचा मार्ग आहे. रेल्वे मुलींना पदवीपर्यंत आणि मुलांना बारावीपर्यंत घर ते शिक्षणसंस्था असा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास विनामूल्य देते, एवढा दिलासा त्यात आहे.

इतर देशांत हा प्रश्न निराळ्या रीतीने हाताळला जातो. अमेरिकेत २४ वर्षांखालील विद्यार्थी सर्वसाधारणपणे पालकांवर अवलंबून मानला जातो, परंतु छळाच्या प्रकरणी महाविद्यालयाचा साहाय्य अधिकारी शिक्षक, समुपदेशक वा समाजसेवक यांच्या पत्रावरून त्याला स्वतंत्र ठरवू शकतो, आणि मग पालकांचे उत्पन्न हिशेबातून जाते. इंग्लंडमध्ये २५ वर्षांखालील ज्या विद्यार्थ्याचा पालकांशी साधारण वर्षभर संपर्क नाही, त्याला ‘दुरावलेला’ असा वेगळा दर्जा मिळतो. महाराष्ट्राने अनाथ मुलांसाठी २०१८ मध्ये शिक्षण व शासकीय नोकरीत १ टक्का समांतर आरक्षण दिले, म्हणजे पालकांचे छत्र नसणे ही स्वतंत्र सामाजिक अडचण आहे हे राज्याने तत्त्वतः मान्य केले आहे. छत्र असूनही ते डोक्यावर कोसळणारे असले, तर काय, हा त्याच्या पुढचा प्रश्न होता आणि तो विचारला गेला नाही. यासाठी मोठ्या कायद्याची गरज दिसत नाही. २००५ च्या अधिनियमाखाली न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश किंवा बाल कल्याण समितीचा निर्णय हाती असलेल्या विद्यार्थ्याचा उत्पन्नाचा दाखला त्याच्या एकट्याच्या उत्पन्नावर द्यावा, आणि सज्ञान मुलांच्या बाबतीत प्राचार्य व संरक्षण अधिकारी यांचा संयुक्त अहवाल पुरेसा मानावा, एवढी दुरुस्ती शासन निर्णयाने होऊ शकते. खोटी प्रकरणे येतील हा आक्षेप खरा आहे, परंतु खोटे उत्पन्नाचे दाखले आजही निघतात आणि त्यामुळे कुणी शिष्यवृत्त्या बंद केलेल्या नाहीत.

शेवटी एक हिशेब पुढच्या काळाचा आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ याखाली स्वतःचा निर्वाह करू न शकणारे आईवडील सज्ञान मुलाकडे खर्च मागू शकतात, त्यासाठी उपविभागीय अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरण आहे, आणि तेथे वकिलावाचून, साध्या अर्जावर, दरमहा १०,००० रुपयांपर्यंतचा आदेश मिळू शकतो. ज्या मुलाला अठराव्या वर्षी फीसाठी दाद मागायला कोणतेही न्यायाधिकरण नव्हते, त्याच्यावर चाळिशीत हा आदेश होऊ शकतो, आणि पूर्वीच्या छळाचा अपवाद त्या कायद्याच्या मजकुरात नाही. म्हणून विद्यार्थिदशेत केलेली पोलीस तक्रार, संरक्षण अधिकाऱ्याचा अहवाल, रुग्णालयातील नोंद आणि फी स्वतः भरल्याच्या पावत्या जपून ठेवण्याचा सल्ला वकील देतात. त्या वेळी गुन्हा सिद्ध करण्यासाठी त्या अपुऱ्या पडल्या असल्या, तरी वीस वर्षांनंतर न्यायाधिकरणासमोर रकमेचा विचार होताना त्यांचा उपयोग होऊ शकतो.